नैराश्यावरची गोळी : पहिले सहा आठवडे कसे काढायचे?



"डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. दहा दिवस घेतल्या. फरक तर पडलाच नाही, उलट मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली. म्हणून बंद केल्या." नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमध्ये असे बोलणे हमखास ऐकू येते. सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. तिला आलेला अनुभव खराच असतो, पण तो अर्धा असतो. नैराश्यावरच्या बहुतेक औषधांची रीतच अशी की त्रास आधी जाणवतो आणि आराम मागाहून येतो. हे कुणी आधी सांगितले नाही, तर आराम सुरू होण्याच्या उंबरठ्यावरच माणूस गोळी सोडून देतो. मग घरात ठरते की "हिला औषध लागूच पडत नाही", आणि पुढचा रस्ता भगताकडे किंवा देवऋष्याकडे वळतो.

म्हणून या पानावर आम्ही एकच गोष्ट नीट मांडणार आहोत. गोळी सुरू केल्यावर आराम किती दिवसांनी पडतो, तोवर कोणते त्रास होतात, आणि त्या दिवसांत रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचे.

आधी आजाराविषयी थोडेसे

चार दिवस वाईट वाटणे म्हणजे नैराश्य नव्हे. सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, काही न करता थकवा येणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, जगण्याचा कंटाळा येणे, यातली बरीच लक्षणे एकत्र दिसली आणि रोजचे काम अडू लागले की तो आजार समजावा. आपल्याकडे पुष्कळ बायाबापड्या "उदास वाटते" असे म्हणतच नाहीत. अंग दुखते, डोके जड झाले, छातीत धडधडते, जीव घाबरतो, असे सांगतात. त्यामुळे आजार ओळखायला उशीर होतो.

नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशनाने आणि घरच्यांच्या आधाराने बरे वाटू शकते, गोळी लागतेच असे नाही. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो. हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. थायरॉइडचा आजार किंवा रक्त कमी असणे यांमुळेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर ती टाळू नका.

एक प्रश्न आपल्या समाजात नेहमी विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. आपले दुःख जातीच्या अपमानातून, बेकारीतून, घर पाडले जाण्याच्या भीतीतून आलेले असेल, तर गोळी घेऊन काय होणार? खरे आहे, गोळीने जात जात नाही, नोकरी लागत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही. ती कामे संघर्षाची आणि संघटनेचीच आहेत. पण कुणी दगड मारून आपला पाय मोडला, तर मारणाऱ्यावर तक्रारही करावी लागते आणि पायाला प्लास्टरही घालावे लागते. अंथरुणातून उठण्याचे बळच उरले नाही तर लढणार कोण?

आराम पडायला वेळ का लागतो?

डोकेदुखीवरची गोळी तासाभरात काम करते. नैराश्यावरची गोळी तशी नाही. सध्या जास्त वापरल्या जाणाऱ्या गोळ्या, जशा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या कामावर परिणाम करतात. हा रासायनिक बदल काही तासांतच सुरू होतो. पण मन हलके व्हायला आठवडे जातात, कारण मेंदूतल्या पेशींना या बदलाशी जुळवून घेत हळूहळू आपली घडी बदलावी लागते. याच सेरोटोनिनचे बरेचसे काम पोटात आणि आतड्यांतही चालते. म्हणून मळमळ पहिल्याच दिवशी जाणवते आणि मनाचा आराम मागे राहतो.

या औषधांचा इतिहास टीबीच्या दवाखान्यातून सुरू होतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचे औषध देऊन पाहिले गेले. खंगलेले, निराश झालेले रुग्ण उत्साहाने बोलू लागले, जेवू लागले. गोऱ्या नर्सेस सोडून गेल्यावर त्या हॉस्पिटलात कृष्णवर्णीय नर्सेसनी जीव धोक्यात घालून वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली होती. इप्रोनियाझिड यकृताला घातक ठरल्यामुळे पुढे मागे पडले, पण त्यातून नैराश्यावरच्या औषधांची वाट सापडली. टीबीची औषधे चार दिवसांत सोडायची नसतात हे आपल्या वस्त्यांना चांगले ठाऊक आहे. इथेही नियम तोच.

आठवड्यांचा हिशेब

पहिला आठवडा सर्वांत अवघड. डॉक्टर बहुधा कमी मात्रेपासून सुरुवात करतात. मळमळ, डोके दुखणे, पोट बिघडणे, बेचैनी, झोप मोडणे किंवा फार झोप येणे असे त्रास याच दिवसांत होतात. काहींना काहीच होत नाही. मनाला आराम मात्र या आठवड्यात सहसा नसतोच.

दुसऱ्या आठवड्यात शरीराचे त्रास ओसरू लागतात. काहींची झोप आणि भूक थोडी सुधारते. गंमत अशी की हा फरक रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतो. "आज वहिनी स्वतःहून चहा करायला उठल्या," असे नणंद म्हणते, पण वहिनींना विचारले तर त्या "काहीच फरक नाही" म्हणतात. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मनातही फरक जाणवू लागतो. रडू कमी येते, कामात थोडे लक्ष लागते. योग्य मात्रेत चार आठवडे घेऊनही तसूभर फरक नसेल, तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. ते मात्रा वाढवतील किंवा औषध बदलतील.

सहा ते आठ आठवड्यांत औषधाचा पुरता परिणाम दिसतो. म्हाताऱ्या माणसांना याहून जास्त वेळ लागू शकतो. पहिलीच गोळी सर्वांना लागू पडते असे नाही. दुसरी द्यावी लागली तर हिशेब पुन्हा नव्याने मोजायचा. त्यात रुग्णाचा दोष नाही.

नेहमीचे त्रास आणि त्यावरचे उपाय

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी घ्या, आणि गुंगी येत असेल तर रात्री. तोंड कोरडे पडत असेल तर घोटघोट पाणी पीत राहा.

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, गुंगी, आणि पटकन उभे राहिल्यावर चक्कर येणे हे त्रास जास्त होतात. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभे राहा. हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. मिर्टाझापिनने झोप चांगली येते, पण भूक आणि वजन वाढू शकते.

रिक्षा, टेम्पो चालवणारे, परातीवर किंवा उंचावर काम करणारे गवंडी, रंगारी, आणि मशीनवर काम करणारे यांनी औषधाचा अंदाज येईपर्यंत जपून राहावे. पहिले काही दिवस जमिनीवरचे काम मिळते का ते पाहावे.

एका त्रासाबद्दल कुणी बोलत नाही. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी स्त्री-पुरुष दोघांचीही शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते किंवा समाधान उशिरा मिळते. मळमळीसारखा हा त्रास आपोआप जाईलच असे नाही. त्यातून नवरा-बायकोत उगाच संशय वाढतो आणि गोळी गुपचूप बंद केली जाते. असे करू नका. डॉक्टरांना सरळ सांगा. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यावर उपाय करता येतो.

दुसऱ्या औषधांची सरमिसळ टाळा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेतले, तर एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुखण्यावरची ट्रामाडॉल आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचे लिनेझोलिड या औषधांचा तर नैराश्याच्या गोळ्यांशी धोकादायक संयोग होऊ शकतो. टीबीचे, बीपीचे, शुगरचे, जे काही औषध चालू असेल त्याची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दारू बंदच ठेवा. दारूने नैराश्य वाढते आणि गोळीची गुंगीही वाढते.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी गोळी आपल्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये. आईचा आजार तसाच राहिला तर तोही बाळाला घातक असतो. कोणते औषध चालेल ते डॉक्टर सांगतील.

इथे वाट पाहायची नाही

वरचे त्रास सोसता येतात, पण काही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मरणाचे विचार वाढणे, किंवा एका जागी बसवत नाही अशी कमालीची तगमग होणे. पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर, विशेषतः २५ वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये, हा धोका थोडा वाढू शकतो. म्हणून त्यांच्याजवळ कुणीतरी असावे.

झोप न घेताही अफाट उत्साह, न थांबणारी बडबड, उधळपट्टी, मोठमोठ्या गोष्टी करणे. हे "बरे झाले" याचे लक्षण नसून वेगळ्या आजाराची खूण असू शकते.

ताप, खूप घाम, हातपाय थरथरणे किंवा ताठर होणे आणि भ्रम. अंगावर पुरळ येऊन तोंड किंवा घसा सुजणे. काळी शौच होणे. फिट येणे, शुद्ध हरपणे. म्हाताऱ्या माणसाने अचानक असंबद्ध बोलणे किंवा वारंवार पडणे. रक्तातले सोडियम कमी झाल्याने असे होऊ शकते.

पंचशील मोडते का?

उपासक-उपासिकांच्या मनात एक शंका असते. पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थ वर्ज्य करते, बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मग या गोळ्या कशा चालतात? सरळ उत्तर असे की या गोळ्यांची नशा होत नाही. निरोगी माणसाने एक घेतली तर त्याला धुंदी चढत नाही, आणि व्यसनी माणसासारखी जास्त जास्त घेण्याची ओढही लागत नाही. पाचव्या शीलाचा हेतू मन बेसावध होऊ नये हा आहे. आजाराने झाकोळलेले मन पुन्हा सावध करणारे औषध त्या हेतूच्या आड येत नाही.

गोंधळ होतो तो दुसऱ्या गोळ्यांमुळे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घबराटीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसेपर्यंत डॉक्टर कधी कधी त्या दोन-चार आठवड्यांसाठी सोबत देतात. त्या सांगितल्या तेवढेच दिवस घ्यायच्या, आणि कमी करायच्या त्याही डॉक्टरांना विचारूनच. आपल्याला दिलेल्या गोळ्यांपैकी कोणती कशासाठी आहे, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

"ध्यान कर, गोळी कशाला?" असेही सांगितले जाते. आनापान आणि वंदना यांचा मनाला आधार मिळतो, त्या जरूर करा. पण ध्यान औषधाच्या जागी नाही, सोबत आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचे असेल तर अर्जात आजार आणि औषधे खरी लिहा. शिबिरासाठी गोळ्या मध्येच तोडू नका.

औषध घेण्यात कमीपणा मानू नये, याची शिकवण तर आपल्याच परंपरेत आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांची पथ्ये आणि औषधे सांभाळत. विनयपिटकातल्या महावग्गात अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. त्या प्रसंगानंतर रुग्ण कसा असावा आणि सेवा करणारा कसा असावा याचे गुण तिथे दिले आहेत. चांगला रुग्ण औषध घेतो, पथ्य सांभाळतो, आणि आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच आहे, असे खरे सांगतो. चांगला सेवक किळस करत नाही, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो आणि रुग्णाचे मन उभारी धरेल असे बोलतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या मनोरुग्णालाही लागू पडते.

घरच्यांनी काय करावे?

एक साधी वही करा. रोज चार गोष्टी लिहा : गोळी घेतली का, झोप किती झाली, जेवण कसे होते, मन कसे होते. वाढले, उतरले की तसेच आहे, एवढा एक शब्द पुरे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीला लिहायला सांगा. महिन्याने तीच वही डॉक्टरांना दाखवा. कालचा वाईट दिवस आठवून "काहीच फरक नाही" असे सांगितले जाते, पण वही महिन्याभराचे खरे चित्र दाखवते.

गोळ्यांचा साठा घरातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवा आणि रोजची गोळी हातात द्या. जुन्या प्रकारच्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेतते. लहान मुलांपासूनही त्या दूर ठेवा. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

"मनावर घेऊ नकोस", "आमच्या वेळी कुणाला असे होत नव्हते", "कामचुकारपणा आहे", अशी वाक्ये या सहा आठवड्यांत घराबाहेर ठेवा. बाहेरची बाधा म्हणून कुणी मारझोड किंवा अघोरी उपाय करत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे हे लक्षात ठेवा.

बरे वाटले म्हणून थांबायचे नाही

दुसरी फसगत बरे वाटल्यावर होते. तीन महिन्यांत माणूस हसू-बोलू लागतो आणि गोळी सुटते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त. लवकर सोडले तर आजार उलटण्याची भीती असते.

एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, असे त्रास होतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन सोडताना ते जास्त होतात. हे व्यसन नव्हे, शरीराला झालेल्या सवयीचा परिणाम आहे. म्हणून डॉक्टर मात्रा आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवत नेतात. गावी लग्नाला जाताना, कामावर बाहेरगावी जाताना गोळ्या संपणार नाहीत एवढा साठा सोबत घ्या.

कुठे जायचे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे ओपीडीत दाखवून घरी परतता येते, जाणारा प्रत्येक जण दाखल होत नाही. फ्लुओक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आधी सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर विचारा, नसतील तर जन औषधी केंद्रात जेनेरिक गोळ्यांची चौकशी करा.

बोलायला कुणीच नसेल, किंवा मनात मरणाचे विचार येत असतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि माणसाला एकटे सोडू नका.

दवाखान्यात कुणी तुच्छतेने वागले म्हणून उपचार सोडू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारी व्यक्तीला उपचार देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यावरून भेदभाव करता येत नाही. सोबत एक शिकलेला माणूस न्या, केसपेपर जपून ठेवा, आणि निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून वहीत लिहा : आराम किती दिवसांनी पडेल, कोणता त्रास झाला तर लगेच यायचे, आणि पुढची तारीख कोणती.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर हे पान मोठ्याने वाचून दाखवा, अशी महिला मंडळांना आमची विनंती आहे. कुणाच्या तरी उशाशी दहा दिवसांत सोडून दिलेल्या गोळ्यांची पट्टी पडलेली असेल. त्या ताईने किंवा दादाने ती घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे, सोबत आपल्यापैकी कुणीतरी जावे.

नमो बुद्धाय! जय भीम!